दोनशे पाच व्होल्ट

गारखेड्याच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पो थांबायच्या आधीच गल्लीतले अन्सारसर त्याच्या फाळक्यावरून आत चढले. गळ्यात मीटर, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर सरहद्दीवर घुसखोर पकडल्याचा आनंद. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही माझी एवढी कसून चौकशी झाली नव्हती. गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. म्हणाले, "गीझर किती वॅटचा?"

"दोन हजार," मी घाबरत सांगितलं.

अर्ध्या तासात गीझर भिंतीवर होता आणि त्याची तार सरांच्या मीटरच्या चिमट्यात. "दोनशे आठ व्होल्ट, आठ अँपियर. भागा, रेझिस्टन्स सव्वीस ओहम. गुणा, पॉवर सोळाशे चौसष्ट वॅट. गीझर अस्सल आहे, व्होल्टेज कमी आहे." दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला माझं नाव ठाऊक नव्हतं, पण माझा गीझर तीनशे छत्तीस वॅटनं कमी पडतो हे शेजारच्या साळूबाईंच्या नातवंडांनाही ठाऊक झालं होतं.

सर आयटीआयमधून वीजतंत्री विभागाचे निदेशक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे फक्त पगार बंद झाला, शिकवणं नाही. इस्त्री, मिक्सर, देवघरातली दिव्यांची माळ, गल्लीतली एकही वस्तू भागाकार-गुणाकारातून सुटली नव्हती. बिल्किसभाभी म्हणायच्या, "निकाहच्या वेळी यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मांडवातल्या हॅलोजनकडं बघत होते."

त्यांची मुलगी जन्नत. तिचं लग्न रविवारी होतं आणि फर्दापूरचे चाळीस पाहुणे शुक्रवारपासूनच घरी उतरणार होते. आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, आणि ती पाळी गुरुवारी सकाळी सहाची होती. म्हणजे गुरुवारी सरांची टाकी भरली तर लग्न, नाहीतर फजिती. वर सरांनी होणाऱ्या व्याह्यांना फोनवर ठासून सांगितलं होतं, "आमच्याकडं पाण्याची चिंता नाय."

चिंता होती. पाणी आलं की गल्लीतल्या दहाही घरांच्या मोटारी एकाच सेकंदाला सुरू व्हायच्या. एक मिनिट उशीर झाला तर शेजारचा आपलं पाणी ओढून घेईल ही प्रत्येकाची श्रद्धा. व्होल्टेज धाडकन पडायचं, मोटारी नुसत्या घुमायच्या, पाणी बोटाएवढ्या धारेनं यायचं. त्यावर गल्लीचा इलाज एकच: आणखी मोठी मोटर आणायची. फुलंब्रीहून येऊन स्थायिक झालेल्या धोंडिबांनी मागच्याच महिन्यात एक एचपीची बसवली होती. त्या दिवसापासून ती सगळ्यात मोठ्यांदा घुमायची.

आधीच्या पाळीला सरांनी मला स्टूल धरायला लावून तारेला चिमटा लावला होता. बुधवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि खडूनं फरशीवर मांडलं.

"मोटारी बंद, दोनशे तीस. मोटारी चालू, गल्लीच्या टोकाला एकशे ऐंशी. पन्नास व्होल्ट गेले कुठं?"

"कुणी तरी चोरले असतील," धोंडिबा म्हणाले.

"तारेनं खाल्ले! करंट पंचवीस. पन्नास भागिले पंचवीस, तारेचा रेझिस्टन्स दोन ओहम. पन्नास गुणिले पंचवीस, साडेबाराशे वॅट. आपण दहा जण मिळून खांबावरच्या चिमण्यांच्या पायाला शेक देतोय!"

"मग चिमण्यांकडूनच बिल घ्या की."

"ऐका तर. पाचच मोटारी लावल्या तर करंट निम्मा, साडेबारा. तार पंचवीसच व्होल्ट खाणार. टोकाला दोनशे पाच! आणि वाया जाणारे वॅट निम्मे नाय, पाव. तीनशे बारा." पाणी चाळीस मिनिटं असतं. पहिल्या पाच घरांना वीस मिनिटं, नंतरच्या पाचांना वीस. लोक म्हणतील मास्तरनं स्वतःचं साधलं, म्हणून सरांनी आपलं घर दुसऱ्या पाळीत टाकलं.

"आन पहिले पाच बंद नाय झाले तर?" साळूबाईंनी विचारलं.

"मी स्वतः उभा राहणार. मी सांगितल्याशिवाय दुसऱ्या पाळीनं बटण दाबायचं नाय."

गुरुवारी सहाला सर टोकाच्या घरापाशी मीटर घेऊन उभे राहिले. पाच मोटारी सुरू झाल्या. घुमल्या नाहीत, गायल्या. धार मनगटाएवढी. मीटरवर आकडा थरथरत स्थिरावला: दोनशे पाच.

सरांचे डोळे भरून आले. "बघा! दोनशे पाच! कागदावर दोनशे पाच, तारेवर दोनशे पाच!" चाळीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते एका अख्ख्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. ते दर मिनिटाला रीडिंग घेऊन वहीत लिहू लागले. मीही वाकून बघत होतो.

"अजी, टाइम हो गया!" गच्चीवरून बिल्किसभाभी ओरडल्या.

"थांब, रीडिंग घेतोय! अजून दोनशे पाचच आहे!"

सहा पंचवीसला मीच पहिल्या पाळीतल्या धोंडिबांना म्हणालो, "नाना, बंद करा आता."

"एवढी झ्याक चाललीय, आन बंद करू? महिनाभर नुसती कण्हत व्हती बिचारी. पाप लागंल."

भाभी जिना उतरून वही हिसकावून घेईपर्यंत सहा छत्तीस झाले होते. पहिल्या पाच टाक्या ओसंडून गल्लीतून ओहोळ वाहत होता. सरांनी धावत जाऊन आपली मोटर लावली. ती सुंदर चालली, चार मिनिटं. मग नळानं हवा सोडली.

शुक्रवारी पाहुणे आले, त्यांच्यासाठी टँकर आला. जन्नतचं लग्न ठरल्या वेळी लागलं. पुढच्या पाण्याच्या दिवशी दहाही मोटारी एकदम सुरू झाल्या. सगळ्यात आधी सरांची.