पंचवीस वॅटचं सोल्डरिंग

खंडाळ्याच्या एका बंगल्यावर मी राखणदार. शाळा चौथीपर्यंत, पण फाटकाची घंटी माझ्या हातची आहे. जुन्या रेडिओचे सुटे भाग जोडून बनवलेली. मालकांनी विकतची आणली होती, ती मी बसवू दिली नाही.

मागच्या पावसाळ्यात धुकं उतरलं की ही घंटी आपोआप वाजायला लागली. भर दुपारी जाऊन बघावं तर फाटकाला मी घातलेली साखळी तशीच, बाहेर चिटपाखरू नाही. बायको दाराआड उभी राहायची. शेवटी तिनं पिशवीत लुगडी भरली.

"म्या चालले लेकीकडं. तुमी बसा तुमच्या घंटीपाशी."

"अगं, तारंचा डाग सुटलाय. ओल धरती, म्हणून वाजती. नीट करतो."

"करा. पुना अशी वाजली तर म्या हितं न्हाई."

बंगल्यावर आम्ही दोघंच. भाकरी मला थापता येते, पण त्या धुक्यात एकट्यानं बसणं मला जमलं नसतं. हे तिला कशाला सांगू?

कथलाचा डाग द्यायचं माझं जुनं सोल्डरिंग गंजून गेलेलं. लोणावळ्याच्या बाजारात दुकानदाराची मुलगी गल्ल्यावर होती. म्हटलं, घंटीची तार सुटलीय, सगळ्यात दणकट सोल्डरिंग दाखव.

"आबा, घंटीच्या सर्किटला की कळशीला डाग द्यायचाय? हे घ्या, पंचवीस वॅटचं, बारीक टोकाचं."

"खेळणं नको मला. ते शंभरचं काढ."

घरी येऊन ते टेकवलं मात्र, सर्किटवरची तांब्याची रेघ कांद्याच्या पापुद्र्यागत उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात.

"आता जरा बारीक काम निघालंय," मी म्हणालो.

"हो का? कळशी झाली वाटतं," मुलगी म्हणाली, आणि न विचारता पंचवीसचं पुढं केलं.

शाळेत पेन्सिल कधी बोटांत बसली नाही, हे बसलं. उचललेल्या रेघेच्या जागी तार घातली. राळेचा धूर निघाला, कथील पाण्यासारखं पसरलं आणि चकाकलं. घंटी दाबली की वाजायची, सोडली की गप्प.

पुन्हा धुकं आलं, गेलं, घंटी वाजली नाही. मी मिशीवरून हात फिरवत हिंडत होतो. भरलेली पिशवी मात्र बायकोनं रिकामी केली नव्हती.

मग एका दुपारी फाटक करकरलं. घंटी नाही, नुसतं फाटक. धावत गेलो. साखळी सुटून लोंबत होती आणि हलत होती. वारा अजिबात नव्हता. वाटेवर कुणी नाही.

परतलो तर बायको चुलीपुढं, भाकरीवर हात तसाच. ती माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होती.

"आधी वाजवून तरी येत हुतं," ती म्हणाली.

मी मागं वळलो नाही. सोल्डरिंग लावलं, तापेपर्यंत तिथंच उभा राहिलो, आणि माझ्या हातचा तो चकचकीत डाग वितळवून तार होती तशी सैल केली.

पुढच्या धुक्यात घंटी वाजली. दोघांनीही मान वर केली नाही. थोड्या वेळानं बायको उठली, पिशवीतली लुगडी काढून दोरीवर टाकली, आणि दाराची वाट सोडून बसली.