तेलाचा रकाना

आमच्या आतोबांना जन्माचा दाखला मिळाला नसता, तर आपण जन्मलो आहोत यावरही त्यांनी विश्वास ठेवला नसता. मुंबईतल्या एका कापडगिरणीच्या भांडारात उभी हयात पट्टे, बोल्ट आणि ग्रीसचे डबे तपासून घेण्यात गेली, आणि निवृत्त होऊन ते मालवणजवळच्या गावी परतले ते एक रबरी शिक्का आणि समस्त मनुष्यजातीविषयीचा गाढ संशय सोबत घेऊन. बांगडे घेतानाही ते कुठे पकडले, कधी पकडले, कोणी पकडले, असं विचारत. एकदा मासे विकणारी वैतागून म्हणाली, "आजोबानू, बांगड्याचो पासपोर्ट घराक रवलो. उद्या हाडतंय." आतोबा दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यायला गेले.

अशा माणसाच्या हाती लंडनच्या दुकानाचा फॉर्म पडला. आत्याचं मिस्कूट, म्हणजे आमच्याकडचं कैरीचं लोणचं, एका लग्नात मुंबईच्या व्यापाऱ्याने चाखलं आणि त्या लंडनच्या दुकानासाठी तीनशे बरण्या मागवल्या. जन्मभर कुणाची तरी मुलगी, सून, बायको म्हणून ओळखल्या गेलेल्या आत्याचं नाव पहिल्यांदाच कुठे छापलं जाणार होतं. अट एकच. प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या पिकाचा अंशही यात नाही, असं लेबलावर लिहायचं आणि प्रत्येक जिनसाचा पुरावा जोडायचा. गोऱ्या लोकांनी आपल्यासारखा विचार करायला इतका उशीर लावला, एवढंच आतोबांना वाईट वाटलं.

पहिला छापा शेजाऱ्याच्या आंब्यावर पडला. शेजारी म्हणाला, "झाड माज्या आज्यान लावल्यान. आजो मेलो. आता सही खंयसून हाडू?" आतोबांनी शांतपणे नोंद केली: 'लागवडदार मयत, झाड हयात.' हळद झाली, मोहरी झाली, मग मीठ आलं. त्यासाठी ते एस.टी.ने वेंगुर्ल्याला एका शेतीतज्ज्ञाकडे गेले. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, मिठाला जनुकं नसतात." आतोबा म्हणाले, "हे लेखी द्या." त्याने दिलं. माझ्या माहितीत मीठ सजीव नसल्याचं सहीनिशी लिहून घेणारा हा एकमेव माणूस. आत्या हे सगळं कैऱ्या चिरता चिरता ऐकायची. "तुमच्या कागदांची फोडणी दिली तर लोणचा खमंग लागात," एवढंच म्हणायची.

तिने मिस्कूट घातलं, बरण्या भरल्या, लेबलं चिकटवली. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आतोबा फाइल शेवटची चाळायला बसले आणि तेलाच्या रकान्याशी थांबले. रकाना कोरा होता. तेल त्यांनी स्वतःच आणलं होतं, जवळच्या कट्टा गावच्या बाजारातून, शाळेपासूनच्या दोस्ताच्या दुकानातून. आमच्याकडे बाजारात हवं त्याच्यावर संशय घ्यावा, पण दोस्ताकडे दाखला मागणं म्हणजे त्याच्या घरी जेवायला बसून भात हुंगण्यासारखं. तरी ते उठले. मीही सोबत गेलो.

दोस्त आधी हसला. "माका इचारतस? माका?" आतोबा फॉर्म पुढे धरून उभेच राहिले, तेव्हा त्याने नजर तराजूकडे वळवली. "शेंगदाण्यात सरकीचा तेल घालतंय रे. सगळेच घालतत. तुका खोटा कसा सांगू?"

सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि जनुक बदललेलं कापसाचं बियाणं तेव्हा देशभर जोरात होतं. ही सरकी कसली, हे त्या दुकानदारालाच काय, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी रिक्षात म्हणालो, "आतोबा, मिठाचो दाखलो बघून ते खूश होतले. तेल कोण बघता?"

घरी येऊन त्यांनी व्यापाऱ्याला पत्र लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. 'तेल मी आणले. न विचारता आणले. माल पाठवता येत नाही.' आत्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "दुकानदाराचा नाव खंय आसा ह्याच्यात?"

"तो दोस्त माजो. त्याका लंडनात कित्याक बदनाम करू?"

यावर ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती उठली आणि लेबलं भिजवायला घंगाळात पाणी घेऊन आली.

पुढच्या वर्षी तिने घाण्यासमोर उभं राहून तिळाचं तेल काढून आणलं. पण व्यापारी तोवर दुसरीकडे वळला होता. आतोबाही आता नाहीत. मला त्यांची ती दुपार आठवते: दोघं पडवीत समोरासमोर बसून बरण्यांवरची लेबलं ओली करून काढताहेत. आत्या भराभर ओरबाडत होती. आतोबा मात्र नखाने एकेक कड सोडवत होते, आणि त्यांची एक बरणी होईपर्यंत तिच्या चार व्हायच्या.

"फाटला तर फाटूंदे," आत्या म्हणाली. "आता त्याचा काय करूचा आसा?"

"गप रव," आतोबा मान वर न करता म्हणाले. "तुजा नाव आसा गो त्याच्यार."