पापडखाराचा डबा

माझ्या सासूबाई चंद्रावती यांना पेणमध्ये लोक दोनच गोष्टींसाठी ओळखतात: प्रार्थना आणि पोह्याचे पापड. रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही रोह्याच्या चर्चमध्ये उपासनेला जातो. बाकीचे सहा दिवस आम्ही दोघी सीताबाईंच्या कारखान्यात पापड लाटतो. पापडखार मात्र तिथे फक्त सासूबाईच घालायच्या, तोही मुठीच्या अंदाजानं. वीस वर्षं त्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. चुकून लागलाच, तर सासूबाईंचं तोंड दिवसभर फुगलेलं, आणि घरी आल्यावर ते मलाच बघावं लागायचं.

सकाळच्या प्रार्थनेत त्या रोज म्हणायच्या, "प्रभू, आज माझ्यातलं मीपण मरू दे." मी मनात म्हणायचे, त्या डब्यापाशी काही ते मरत नाही.

गेल्या मार्चमध्ये रोह्याच्या एका दुकानदारानं पाकिटं परत पाठवली. पापड तळले की लाल होत होते आणि कडू लागत होते, म्हणजे खार जास्त झाला होता. पण सासूबाईंचा हात चुकेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पीठ कुटायला महिन्यापूर्वी लागलेली हौसा होतीच. डब्याला तिनंच हात लावला असणार, असं ठरून गेलं. ती नाय नाय म्हणत राहिली, तरी सीताबाईंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. सासूबाई खाली मान घालून लाटत राहिल्या.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. शेवटी मला म्हणाल्या, "मृणाली, खार मीच दोनदा घातला गो. मधी फोन आला, नि घातलाय का नाय तेच इसरले. पाकिटं बघितली तवाच माझ्या ध्यानात आलं."

मला रागच आला. मग तिथेच का बोलला नाहीत, मी विचारलं.

"बाया काय म्हनतील मला?" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्यांची दया आली, पण जाऊ दे म्हणवेना. उद्या सांगा, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत नेहमीचं वाक्य सुरू झालं आणि अर्ध्यावरच थांबलं. त्या उठल्या, चपला घातल्या आणि आधी हौसाच्या घरी गेल्या. तिला सोबत घेऊनच कारखान्यात आल्या आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "खार मी घातला. दोनदा. हौसाची काय बी चूक नाय."

हौसा रागातच होती आणि तिचं बरोबरच होतं. सीताबाईंनी आतून चमचा आणला, डबा हौसापुढे ठेवला आणि यापुढे तीच मोजून घालेल, असं सांगितलं. मला वाटलं, आता सासूबाई घरची वाट धरणार.

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि लाटायला लागल्या. थोड्या वेळानं एका बाईनं सवयीनं पिठाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला, खार बरोबर आहे का बघा म्हणून. सासूबाईंनी तो घेतला नाही.

"हौसाला इचार," त्या म्हणाल्या, आणि मला कोपरानं ढोसून हसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.