बाबांच्या गाडीची किल्ली

परदेशात कित्येक वर्षं बर्फातून गाडी चालवली मी, एकदाही कुठे घासली नाही. आणि दिल्लीत परत आल्यावर स्वतःच्या बापाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची वेळ आली. आई गेल्यावर बाबा मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटे उरले, म्हणून तिथलं सगळं आवरून मी आले. आल्यावर कळलं, त्यांना काचबिंदू आहे. समोरचं लांबवरचं दिसायचं, पुढच्या ट्रकवरची शायरी मला वाचून दाखवायचे. पण बाजूला कोण उभं आहे, ते दिसायचं नाही. गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे बाबांनी कुणाला सांगितलंच नाही, मला डॉक्टरांकडून समजलं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतले. आमचं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. तेव्हा ते ऑफिसला बसने जायचे, गाडी घेतली ती रिटायर झाल्यावर. तिचं काय कौतुक! महाराष्ट्रातून कुणीही पाहुणा आला की ताजमहाल नंतर, आधी पानिपत. स्मारकापाशी उभं राहून त्याला सगळी लढाई ऐकवायची आणि येताना चादरी घ्यायच्या. अशा माणसाकडे मी किल्ली मागितली.

"बाबा, यापुढे मी चालवते."

"लायसन्स आहे तुझ्याकडे?"

"आहे की."

"इथलं?"

मी तिकडचं कार्ड पुढे केलं.

"माझ्याकडे आहे. गेल्याच वर्षी रिन्यू केलंय, मेडिकलसकट. विनापरवाना माणसाच्या हातात गाडी द्यायला मला काय खुळ लागलंय?"

आता या माणसाशी काय बोलणार! उभा जन्म फायलींत नियमावर बोट ठेवण्यात गेलेला. मी म्हटलं, ठीक आहे. इथलं लायसन्स काढते आणि किल्ली घेते. त्यांनी कुणाला उडवायच्या आत घेते.

दिल्लीत आरटीओला सगळे अथॉरिटी म्हणतात. तिथल्या खिडकीतल्या माणसाने माझं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, ये कौन सी भाषा है?" मग सांगितलं, भाषांतर आणा, हे लायसन्स खरं आहे असं दूतावासाचं पत्र आणा आणि पत्त्याचा पुरावा आणा. माझ्या पासपोर्टवर पत्ता लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरचा. ते क्वार्टर सरकारने केव्हाच पाडून टाकलेलं. मग नवं लर्निंगच काढते म्हटलं, तर त्यालाही पत्ता हवा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकतच मी मोठी झाले, पण ते एक दिवस आपल्याच बोकांडी बसेल असं वाटलं नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी मला अथॉरिटीत नेऊन कोण सोडायचं? बाबाच! कपाळ माझं. टॅक्सी म्हटलं की "दारात गाडी असताना?" आणि मेट्रो म्हटलं की "एवढ्या उन्हात?" मग मी शेजारी बसून सारखी सांगत राहायची. बाबा, डावीकडे स्कूटर. बाबा, सायकलवाला. "दिसतंय गं मला!" ते खेकसायचे. काही दिसत नसायचं. मी हात हलवत बाहेर आले की हसायचे, "आलीस पानिपत करून?"

बाहेर एक एजंट उभा असायचा. "सब हो जाएगा मॅडम." एकदा मी त्याच्याकडे वळले, तर बाबांनी गाडीची काच खाली केली. "आपल्या घरात दलालाचं लायसन्स येणार नाही." मी रस्त्यातच रडले. त्यांना वाटलं, लायसन्ससाठी रडतेय.

शेवटी पत्ता बदलून झाला आणि पत्र तयार असल्याचा दूतावासातून फोन आला. त्या दिवशी मी हट्टाने मेट्रोने गेले. पत्र हातात पडल्यावर आधी बाबांना फोन केला. "मिळालं! आता किल्ली काढून ठेवा." ते म्हणाले, "आण तर खरं." आवाजात आनंद होता. लेकीचं काम झालं याचाच आनंद, तेवढा मला कळतो.

मी बोलावलं नव्हतं. मला आणायला म्हणून ते स्टेशनकडे निघाले.

सोसायटीच्या गेटबाहेर कडुनिंबाखाली एक बाई इस्त्रीचं टेबल लावून कपडे प्रेस करायची. गाडी वळताना ती बाजूला वाकून गठ्ठा उचलत होती. गाडी आणि टेबल यांच्यामध्ये तिचा पाय सापडला. मी पोचले तेव्हा गर्दी होती, तिला दवाखान्यात नेलं होतं आणि बाबा फुटपाथवर बसले होते. "तिथं कुणीच नव्हतं गं," एवढंच म्हणत होते. "खरंच कुणी नव्हतं."

हवालदाराने गाडीचे आणि त्यांचे कागद पाहिले. "अंकल के कागज़ तो सब ठीक हैं." काय संताप आला म्हणून सांगू! ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं तरी कुणावर?

पुढे माझं लायसन्स आलं. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. एक दिवस म्हणाले, मला अथॉरिटीत ने. स्वतःचं लायसन्स रद्द करा, असा अर्ज त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून आणला होता. खिडकीतला माणूस म्हणाला, "पड़ा रहने दीजिए अंकल, अभी चार साल वैलिड है." बाबा अर्ज तसाच पुढे धरून उभे राहिले. मागचे लोक कुरकुरायला लागले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. हल्ली ते बोलतच नाहीत फारसे. जेवा म्हटलं की जेवतात.

त्या बाईच्या पायात सळी घातली आहे. प्रेसचं काम उभं राहून करायचं असतं, ते गेलं. दर आठवड्याला मी तिला दवाखान्यात नेते. पहिल्यांदा नेलं तेव्हा ती मागच्या सीटवर दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती. मी गाडी चालू केली, तशी हळूच म्हणाली, "दीदी, आपके पास लाइसेंस तो है ना?"

"है," मी म्हटलं. तसं ते बाबांकडेही होतं.