कमरेएवढी शेगडी

माझे सासरे गवंडी. त्यांनी बांधलेल्या भिंतीपुढे ओळंब्यानंही मान खाली घालावी. काम सोडल्यावर अप्पांनी मागच्या अंगणात मासे, कणसं भाजायला विटांची शेगडी बांधली, खास सासूबाईंसाठी. वर लोखंडी जाळी बसताच त्यांना हाताला धरून घेऊन आले.

"घे, भाज!"

जाळी सासूबाईंच्या छातीला लागली. "अहो, मी भाजायचं की नुसता वास घ्यायचा?"

मला फिस्सकन हसू आलं. अप्पा हिरमुसले. "कमरेएवढीच तर आहे."

"तुमच्या कमरेएवढी. स्वयंपाकघरातला ओटाही तसाच बांधलात की."

"मग इतकी वर्षं स्वयंपाक कसा केलास?"

"तुमच्याच दोन विटांवर उभी राहून. काम झालं की ओट्याखाली सरकवायचे. तुम्ही बाहेर बसायचात, ताट समोर यायचं. तुम्हाला कुठून दिसणार?"

"बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं दाखवत होतात! नंतर सवयच झाली."

अप्पांनी थापी उचलली. "ओटा आजच खाली घेतो."

"आता कशाला? गुडघे गेले माझे. ओट्यापाशी आता ही सूनबाई असते, आणि ही तुमच्यासारखीच ताडमाड."

अप्पांनी आतून खुर्ची आणून सासूबाईंना शेगडीपुढे बसवलं आणि जाळी काढून एकेक थर उतरवायला लागले.

"पोचतो हात?"

"पोचतो हो, पुरे."

"माझ्यासाठी पुरे म्हणू नकोस," अप्पा म्हणाले. "खरं सांग."

सासूबाईंनी हात पुढे करून पाहिला. "अजून एक थर."