गेटाची तेलमालिश

घ्या, आधी चहा घ्या. आता जे सांगून राहिलो ते आयकून ठसका लागला तर मले बोलू नोका! माह्या हातानं असा घोटाळा झाला ना भाऊ, की अजूनबी आमच्या गल्लीतले लोक मले पाहून गालात हासतात.

आमी अकोल्यात घर बांधलं. वास्तूपूजा परवावर आली, अन् नवं लोखंडी गेट तसंच बिनरंगाचं उभं! माहे सासरे, म्हंजे आमचे मामाजी, भातकुलीचे, पक्के शेतकरी. त्यायच्या तोंडाले मी अजूनबी भेतो. त्यायनं फोनवर बजावलं होतं, "जवाईबापू, पेंटर बोलवा. तुमच्यानं नाही होत हे."

झालं! मले चेव आला. म्हटलं, आता मामाजीले दाखवूनच देतो.

बायको म्हणे, "अहो, कायले नस्ती भानगड?"

"तू फक्त पाह्यत राह्य!"

दिवसभर पॉलिश पेपर मारला. गंज काढला, वेल्डिंगची कीट काढली, धूळ पुसली. गेट असं चमकलं, की त्यात पाहून भांग पाडा! पण सांजच्याले मनात आलं, आता हे उघडं लोखंड रातभर दवात राहीन अन् पुन्हा गंजन. आमच्या बापानं काय शिकवलं? हंगाम सरला की वखराची पास, म्हंजे त्याचं लोखंडी पातं, घासाची, अन् तेल चोपडून ठेवाची. मंग काय! सयपाकघरातून गोडं तेल आणलं अन् गेटाले अशी मालिश केली, अशी मालिश केली, की बाळंतिणीच्या लेकराचीबी कोणी करत नसन.

सकाळी लाल प्रायमर मारलं. बाप्पा! वरून मारलं की खाली ओघळे. आणखी एक हात मारला, तेबी ओघळलं. गेट राहिलं बाजूले, फरशीच लालेलाल झाली!

आता चूक कोणाची? दुकानदाराची! आपली चूक माणसाले कधी दिसते का? तसाच गेलो दुकानात. "काहो, प्रायमर विकता का शरबत?"

तो बिचारा भला माणूस. दुकान सोडून माह्यासंग गेट पाहाले आला. तेवढ्यात समोर ऑटो थांबला, अन् उतरलं कोण? मामाजी! एक दिवस आधीच!

दुकानदारानं गेटावर बोट फिरवलं, हुंगलं. "भाऊ, हे गेट हाये का कढई? याले तेल कोणं लावलं?"

"मीनं," मी हळूच म्हटलं. "गंजू नये म्हणून."

"अहो, तेलावर प्रायमर बसते का कधी? आता सारं थिनरनं पुसा, पुन्हा घासा, मंग मारा!"

मामाजी माह्याकडं टक लावून पाहून राहिले. म्हटलं, गेली आपली इज्जत! आता भातकुलीपर्यंत बोभाटा होते.

पण मामाजी वसकले ते दुकानदारावर! "तेलावर बसत नाही म्हंजे? मंग ते प्रायमर कायचं? मागच्या साली माह्या ट्रॉलीवरबी नाही बसलं! चांगलं तेल चोपडून ठेवलं होतं मीनं!"

दुकानदारानं आमा दोघायलेबी हात जोडले, अन् गाडीले किक मारली.

बायको दारातच उभी होती. तिनं एकदा बापाकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् कपाळावर हात मारून म्हणे, "आता समजलं! एवढे चांगले चांगले पोरं सोडून बाबायनं यायलेच काऊन पसंत केलं!"