शेटजींच्या बरणीतला मासा

माशाला शाकाहारी करायला निघालेला माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. आमचे हे शेजारी कापडाचे व्यापारी, जैन. पणजोबा मारवाडातून आले होते, पण बोलणं पुरतं इथल्या पेठेतलं. रस्त्यात मुंग्यांची रांग आडवी आली तर शेटजी स्वतः थांबतच, पण मागून येणाऱ्या बैलगाडीलाही थांबवत. एका उन्हाळ्यात कुकडी नदी आटली, तेव्हा त्यांनी कोळ्यांकडून डबक्यातले मासे जिवंत विकत घेतले आणि घागरी भरभरून खालच्या डोहात सोडले. घरी येऊन पाहतात तो एका घागरीच्या तळाशी बोटाएवढे काही मासे राहिलेले. रात्रीपुरते म्हणून ते दुकानातल्या विलायती गोळ्यांच्या मोठ्या काचेच्या बरणीत गेले. सकाळी बरणीत एकच मासा! बाकीचे उडी मारून पडले असतील म्हणून आम्ही दुकानातला तागा न् तागा उचलून शोधलं. शेवटी शेटाणींनी त्या एकट्याचं टम्म पोट दाखवलं. शेटजी मटकन खाली बसले. "वाचवलं म्या, आन् खाल्लं ह्यानं!"

दुसऱ्या कुणी त्याला तेव्हाच नदी दाखवली असती. शेटजींनी त्याला सुधारायचं ठरवलं. शिवाय त्याची ओळखही पटवायची होती. सापासारखं डोकं, लांबट अंग, शेपटीपाशी नारिंगी कड्यातला काळा ठिपका. डोक जातीचा म्हणावा तर तो लहानच राहणार, मरळ असेल तर हातभर वाढणार, आणि पिल्लं दोघांची सारखीच. "नाव कळलं की सोडतो," शेटजी म्हणत. पण डिंगोऱ्याचं गिऱ्हाईक छातीठोकपणे मरळ म्हणे, निमगाव साव्याचं तितक्याच जोरात डोक म्हणे, आणि दोघांच्या वादात कापड फाडायचं राही. मंचरहून त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली, त्यांनाही शेटजींनी बरणीपुढे बसवलं. "पावणं, आधी हे सांगा, डोक का मरळ?" मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "शेटजी, आमी मुलगी बघाया आलोय, राव." सोयरीक जुळली ती केवळ शेटाणींच्या हातच्या शिऱ्यामुळे.

मासा मात्र सुधारेना. कणकेच्या गोळ्या, भिजवलेली डाळ, सगळं तळाशी कुजायचं. त्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तसं शेटजींचंही पानावरून अर्धपोटी उठणं सुरू झालं. आणि एकाएकी मासा बाळसं धरू लागला. शेटजींना गगन ठेंगणं झालं. "कणकेवर जगतोय माझा मासा," असं ते पेठेत सांगत सुटले. लोक तोंडावर वाहवा करत आणि वळणावर गेल्यावर हसत.

एके दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर देवळाकडे निघालो होतो. शेटजी उपरणं विसरले म्हणून आम्ही दोघं अर्ध्या वाटेतून परतलो. दुकानात शेटाणी बरणीपाशी उभ्या होत्या. डोळे गच्च मिटलेले, ओठांवर नवकार मंत्र, आणि हातातल्या काडीवर वळवळणारं गांडूळ. काडी पाण्याला टेकली, मासा झेपावला आणि त्यांनी डोळे उघडले तर समोर आम्ही.

"कवापासनं?" शेटजींनी विचारलं.

"त्यो उपाशी म्हणून तुमीबी उपाशी. मला दोगंबी बघवंना. पाप लागंल ते मला लागू द्या, म्हणलं."

शेटजींनी जवळ जाऊन ती काडी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. "पाप तुझं न्हाई. म्या त्याला काचंत धरलं, तवाच त्ये माझं झालं. नाव कळूस्तवर, नाव कळूस्तवर म्हणत बसलो."

त्याच सकाळी आम्ही तिघं नदीवर गेलो. पहिला पाऊस होऊन गेला होता, पाणी गढूळ होतं. शेटजींनी बरणी आडवी धरली. मासा बाहेर आला, काठाच्या उथळात जरा वेळ तसाच थांबला, अन् शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी दिसेनासा झाला. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी शेटजी हलले नाहीत.

पुढे बरीच वर्षं मी त्या दोघांना नदीकडे जाताना पाहिलं. शेटाणी पदर सावरून पाण्यावर वाकायच्या, पुष्कळ वेळ बघत राहायच्या. शेटजी मात्र नदीकडे पाठ करून उभे. काही दिसलं का, डोक होता का मरळ, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्याही आपणहून कधी काही बोलल्या नाहीत.